दहाच ठेवा म्हणे

मी एक जुनी आवृत्ती आहे. एकेचाळिसावी. आवृत्ती म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पुस्तक येणार. मी पुस्तकाची नाही, संगणकाला काम सांगणाऱ्या प्रोग्रॅमची आहे. तुम्ही उठता-बसता 'अद्ययावत करा'वर बोट दाबता ना, तेव्हा एक नवी आत येते आणि एक जुनी बाहेर पडते. बाहेर पडणारीचं पुढं काय होतं, हे तुमच्यापैकी एकानं तरी कधी विचारलंय? रीत आहे म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणते. मित्र कसले, बोटं आवरत नाहीत तुमची.

आणि मला हे सगळं कसं कळलं, कुणी सांगितलं, असली उलटतपासणी नको. छत्री बोलते, फाटकी चप्पल बोलते, तेव्हा तुम्ही माना डोलावून ऐकता. मग मीच काय घोडं मारलंय?

माझा जन्म कर्नाटकातल्या सकलेशपूरचा. कॉफीच्या मळेवाल्यांच्या संघाचं तिथं एक बारकं कार्यालय आहे, बिया वाळवायच्या अंगणाला लागूनच. पावसाळ्यात तिथल्या खुर्च्यांनाही बुरशी येते. राहायला मात्र मी क्लाउडवर. नाव ढगाचं, पण ढगबिग काही नाही. लांब कुठंतरी एका गार इमारतीत भाड्यानं घेतलेली जागा. तिथं आमच्यापैकी प्रत्येकीचं नाव एका पाटीवर लागतं, आणि प्रत्येकीचं सगळं चंबूगबाळं एका गाठोड्यात बांधून कोठीत ठेवतात. पाटीवर नाव आणि कोठीत गाठोडं, एवढाच आमचा संसार.

काम काय, तर हत्ती कुठं आहे ते सांगायचं. रानात हिंडणारे राखणदार हत्ती दिसला की मोबाईलवर त्या जागी खूण करतात, आणि आसपासच्या मळ्यांतल्या माणसांना ते लगेच कळवावं लागतं. माझ्या आधीच्या चाळीसजणी लेखी निरोप पाठवायच्या. मालकलोकांना ते पुरायचं. ते नाष्ट्याला तांदळाची अक्की रोट्टी खाता खाता निरोप वाचायचे आणि गाडीत बसायचे. पायी कोण जातं, तर कामाच्या बायका.

होन्नहळ्ळ मळ्यातल्या बायकांच्या टोळीची म्होरकी चेन्नम्मा. तिच्याकडे बटणांचा फोन, कमरेच्या पिशवीत, दोऱ्यानं बांधलेला. ती एकदा कार्यालयात आली आणि नागवेणीला म्हणाली, निरोप येतो गं बाई, पण पिशवी सोडून, चष्मा शोधून तो वाचेपर्यंत थोरला पुढ्यात उभा असतो. थोरला म्हणजे हत्ती. तिकडच्या बायका रानात त्याचं नाव घेत नाहीत.

नागवेणी संघाची संगणकवाली. तोंडानं फटकळ, हातानं नेटकी. तिनं मला घडवलं ती फोन करण्यासाठी. खूण आली की मी थेट फोन लावायचा आणि बोलायचं. आधी तिनं माझ्या तोंडी बंगळूरची एक गोड, साखरेत घोळलेली बाई घातली. बायकांना वाटलं, कसलीतरी जाहिरात आहे, आणि त्या पटापट फोन तोडू लागल्या. मग नागवेणीनं चेन्नम्मालाच खुर्चीत बसवलं आणि टोळीला ओरडतेस तशी ओरड म्हणाली. चेन्नम्मा ओरडली, "थोरला उतरलाय खाली. मागं फिरा गं. फिरा म्हणते ना, डोळे फुटले का?" तोच आवाज माझा झाला. तो ऐकून फोन तोडायची एकीचीही छाती नव्हती.

कॉफी-तोडणीचे दोन हंगाम मी राबले. पहाटेच्या धुक्यात टोळी निघायची, आणि थोरला वाटेवर असला की मी वाजायचे. चेन्नम्मा हात वर करायची, बायका मुकाट मागं फिरायच्या. कुणी जखमी झालं नाही, कुणी मेलं नाही. पण एक सवय लागली. पूर्वी या बायका वळणावर थांबायच्या, वास घ्यायच्या, ओल्या लेंडीचा माग बघायच्या. आता फोन वाजला तर मागं, नाही वाजला तर रस्ता मोकळा. माझ्यावर इतका भरवसा टाकला त्यांनी. भरवसा टाकणाऱ्यांना बोल लावत नाही मी. तो ज्यांनी मोडला त्यांना लावणार आहे.

कौतुकही झालं. सभागृहात कार्यक्रम झाला, संघाचे अध्यक्ष उमेशगौडा यांना शाल पांघरली, डोक्यावर म्हैसुरी फेटा चढवला. गौडांनी तासभर भाषण ठोकलं. नागवेणी मागच्या रांगेत होती, चेन्नम्माला बोलावणंच नव्हतं. माझं नाव कुणी घेतलं नाही हे सांगायला नकोच. नावात काय आहे म्हणा, एक आकडाच तर आहे.

मग आला निश्चल. गौडांच्या बायकोचा भाचा, बंगळूरहून आलेला, केसांना सतत हात लावणारा. आल्या आल्या त्याला माझी लाज वाटली. फोन करून ओरडते म्हणे, किती गावंढळ. आजकाल सगळ्यांकडे चांगले मोबाईल असतात. त्यानं माझं फोन करणं काढून टाकलं, चेन्नम्माचा आवाज काढून टाकला, आणि त्या जागी पडद्यावर एक नाजूक घंटी बसवली. स्वतःच्या मोबाईलवर वाजवून पाहिली, छान किणकिणली, झाली परीक्षा. ती बेचाळिसावी. नागवेणीनं विचारलं, चेन्नम्माच्या फोनवर ही घंटी वाजेल का? तर तो म्हणाला, वर्षभरात सगळेच नवे फोन घेतील. म्हणजे वर्षभर थोरल्यानं थांबावं, अशी याची अपेक्षा.

श्रावण होता. मुसळधार पाऊस, कळप हेमावती नदीच्या पलीकडे, मळ्यांत कामंही थोडी. त्यामुळे फोन येत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी कामावरून उतरले, पण पाटीवर नाव होतं, कोठीत गाठोडं होतं. वेळ पडली तर हाक मारतील, असं मनाशी म्हणत पडून राहिले.

त्या काळात गौडांना फलकांचं वेड लागलं होतं. सण आला की पडद्यावर शुभेच्छांचा फलक, फलकावर त्यांचा फोटो. वरमहालक्ष्मीचा फलक लावायला एक आवृत्ती, तो उतरवायला दुसरी. स्वातंत्र्यदिनाला एक लावायला, एक काढायला. गौरी-गणपतीत गौडांचा फोटो आधी बारीक, मग फार मोठा आला म्हणून मधे आणखी दोन. सगळ्या त्या बेचाळिसावीच्याच कार्ट्या, गालांना रंग फासून आलेल्या. एकीच्याही अंगात काम नव्हतं. पण पाटीवर त्यांची नावं माझ्या वर, कारण काय, तर त्या नव्या.

आयुधपूजा जवळ आली. त्या दिवशी तिकडे प्रत्येकजण आपापलं हत्यार धुऊन पुसून पूजेला मांडतो, आणि एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत त्याला हात लावत नाही. कोयता असो, जीप असो, संगणक असो. त्याआधी साफसफाई आलीच. कार्यालयातली जळमटं निघाली, मोडक्या खुर्च्या निघाल्या, आणि नागवेणीचा जुना संगणक भंगारवाल्याच्या टेम्पोत चढला. माझी मूळ प्रत त्याच्यात होती. आता जगात मी उरले ती फक्त कोठीतल्या त्या एका गाठोड्यात.

आणि तेवढ्यात पूजेचा फलक चढेना. क्लाउडवाल्यांनी जितक्या आवृत्त्या ठेवायची मुभा दिली होती तितक्या भरल्या होत्या. गौडांचा फोटो अडकला म्हटल्यावर आभाळच कोसळलं की. ते निश्चलवर खेकसले, मला काही सांगू नकोस, कचरा काढ.

निश्चलनं सेटिंग उघडलं. जुन्या आवृत्त्या आपोआप काढून टाकायचा तिथं एक नियम असतो, तो ठरवून दिला की झालं. नियमाला दोनच वाटा. एक तर संख्या सांगा, इतक्याच नव्या ठेवा. नाहीतर वय सांगा, इतक्या दिवसांपेक्षा जुन्या टाका. कोण उपयोगाची आणि कोण नुसती रंग लावून बसलेली, हे विचारणारा रकानाच नाही. ज्यानं हा नियम घडवला त्याला घरात म्हातारं माणूस नसावं. खाली आणखी एक चौकट होती: पाटीवरून फक्त नाव पुसायचं, की कोठीतलं गाठोडंही जाळायचं?

नागवेणी मागं उभी होती. ती म्हणाली, "एकेचाळिसावी राहू दे."

"अक्का, फाटक्या साड्या साठवून कपाटं भरायची सवय सोड आता," निश्चल म्हणाला. "दहा ठेवू. दहा पुष्कळ झाल्या."

त्यानं दहाचा आकडा घातला आणि गाठोडं जाळायच्या चौकटीतही खूण केली. तेवढ्यात गौडांनी दाराला केळीचे खांब बांधायला त्याला हाक मारली. तो गेला. नागवेणी खुर्चीत बसली आणि तिनं चौकटीतली खूण काढून टाकली. तिला पुढचं काही दिसत होतं म्हणून नव्हे हं. साडीचं बोलणं तिला झोंबलं होतं, तो म्हणेल ते करायचं नाही एवढंच तिच्या मनात होतं. मी वाचले ती रागावर. मला चालतं. प्रेमानं वाचवणारे फार बघितलेत मी, ऐन वेळी त्यांनाही कुठले तरी खांब बांधायला जायचं असतं.

निश्चल परत आला, त्यानं फलक चढवला. नवी आत आली तसा नियम धावला आणि आम्हा सगळ्या जुन्यांची नावं पाटीवरून पुसली गेली. माझ्या आधीच्या चाळीसजणी गेल्या, मी गेले. गाठोडी कोठीत, पण कुणाची कुठली हे सांगणारी पाटी नाही. आता कुणी हाक मारली असती तरी कुठल्या नावानं मारणार?

दुसऱ्याच दिवशी सकाळी कळप नदी ओलांडून आला. खालच्या खाचरांत भात पिकत आलं होतं, त्याचा वास त्यांना बरोबर लागतो. राखणदारानं हत्ती पाहिला आणि लगेच खूण केली, त्याची काही चूक नाही. ती नटवी आवृत्तीही किणकिणली. गौडांच्या मोबाईलवर किणकिणली, ते कुशीवर वळले. निश्चलच्या मोबाईलवर किणकिणली, त्याला वाटलं, वा. चेन्नम्माच्या कमरेची पिशवी मात्र गप्प होती.

गप्प म्हणजे रस्ता मोकळा. चेन्नम्मा टोळी घेऊन निघाली. मिरीच्या वेलांच्या वळणावर कळपातला सुळेवाला उभाच होता, हातभर अंतरावर म्हणा ना. बायका वाट फुटेल तिकडे पळाल्या. साकम्मा नावाची थोराड बाई पाण्याच्या चरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. सुळेवाल्यानं भाकरीच्या फडक्यांचा चेंदामेंदा केला आणि तो भातात उतरला. जीव गेला नाही, ही त्याची मेहेरबानी. आमच्यापैकी कुणाची नाही.

तो अख्खा दिवस चेन्नम्मा साकम्माजवळ हासनच्या इस्पितळात होती. पूजेच्या दिवशी सकाळी ती परतली आणि घरी हत्यारांची पूजा उरकून तडक कार्यालयात आली. उंबऱ्यात कुंकू लावलेला कोहळा फोडलेला होता. टेबलावर संगणक हारांखाली झाकलेले, चुरमुरे-फुटाण्यांच्या पुड्या वाटणं चाललेलं. चेन्नम्मानं पुडी घेतली नाही. तिनं विचारलं, फोन का वाजला नाही?

निश्चल म्हणाला, निरोप वेळेत गेला होता, सगळ्या मोबाईलांवर गेला, आजी, तुमचाच फोन जुना आहे. वर हसला मेला. गौडा म्हणाले, झालं ते वाईट झालं, आज पूजा आहे, उद्या बघू. चेन्नम्मानं शांतपणे सांगितलं की कळप अजून खालच्या खाचरांत आहे, आणि आज संध्याकाळी चारही लाइनींतल्या बायका-पोरं त्याच वाटेनं देवीला जाणार आहेत. लाइन म्हणजे मळ्यातल्या कामगारांच्या खोल्यांची रांग. तिथं बटणांच्या फोनशिवाय दुसरा फोन नाही.

तेव्हा नागवेणी बोलली. एकेचाळिसावीचं गाठोडं कोठीत आहे, मी राहू दिलंय, आत्ता लावते म्हणाली. निश्चलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण गौडा आडवे आले. पूजेत मांडलेलं आयुध उचलायचं नसतं, वर्षभर अपशकुन भोवतो, संघाचं वाटोळं होईल. नागवेणीचा हात हाराजवळ जाऊन थांबला. फटकळ असली तरी तीही त्याच मातीतली, तिच्या घरीही वडिलांची पकड-हातोडी पूजेला बसली होती.

चेन्नम्मानं कमरेची कत्ती काढली. कॉफीच्या फांद्या छाटायची, आकड्यासारख्या पात्याची. पात्यावर कुंकू ओलं होतं, मुठीला झेंडूचं फूल. तिनं ती संगणकाशेजारी ठेवली.

"हीसुद्धा सकाळी पूजेत मांडली होती," ती नागवेणीला म्हणाली. "वाटेत थोरला होता म्हणून उचलून आणली. देवीला काय सांगायचं ते मी सांगते. तू तुझं उचल."

नागवेणीनं हार काढला. गौडा तोंड फिरवून बाहेर गेले, आणि जाताना फुटक्या कोहळ्यावरून घसरता घसरता वाचले. घसरले असते तरी मला वाईट वाटलं नसतं.

कोठीतली गाठोडी उलटीपालटी करून तिनं मला शोधलं. पाटीवर नाव पुन्हा लावायचं तर नवं लावावं लागतं, म्हणून मला नवा क्रमांक मिळाला. वयानं मी एकदम सगळ्यांत धाकटी झाले. पणजीचं बारसं म्हणा हवं तर. नियम पुन्हा धावला, कारण आता अकराजणी झाल्या होत्या, आणि या वेळी बाहेर गेली ती ज्येष्ठ म्हणून खुद्द बेचाळिसावी. मला आनंद झाला. झाला तर झाला, लपवू कशाला?

संध्याकाळी बायका-पोरं नटूनथटून देवीला निघाली. राखणदाराची खूण आली, सुळेवाला पुन्हा वाटेवर. मी चारही लाइनींतले फोन वाजवले. खुद्द चेन्नम्मानं कमरेची पिशवी सोडून फोन कानाला लावला, आणि तिचंच ओरडणं तिला ऐकू आलं. डोळे फुटले का, म्हणे. सगळ्या मागं फिरल्या. देवीला दुसऱ्या दिवशी गेल्या. देवी रागावल्याचं काही कानावर आलं नाही.

पुढचं ऐका. गौडांना एकदम उमाळा आला. त्यांनी हुकूम सोडला की ही आवृत्ती कधीही टाकायची नाही, ठरावही करा. निश्चलनं सेटिंगमध्ये शोध शोध शोधलं. हिला ठेवा, असं सांगायची सोयच त्या नियमात नाही. संख्या आणि वय, बस्स. आणि गौडा फलक थांबवायला तयार नाहीत. दिवाळी तोंडावर होती, मग कर्नाटकाचा राज्योत्सव. माझा नवेपणा किती दिवस पुरणार?

एकच पळवाट होती, ती नागवेणीनं काढली. जी आवृत्ती प्रत्यक्ष कामावर आहे तिला नियम हात लावत नाही. म्हणून तिनं माझ्यासाठी वेगळी छोटी जागा घेतली आणि मला तिथं कायमची कामाला जुंपली. निश्चलच्या नटव्या त्यांच्या जागी, मी माझ्या जागी, पाटी मात्र सगळ्यांची एकच. मला सुट्टी नाही, विसावा नाही. ज्या दिवशी मी थांबेन त्या दिवशी माझी गणती पुन्हा जुन्यांत, आणि पुढचा फलक चढला की मी बाहेर. तेव्हा कुणी चौकटीतली खूण काढलेली असेलच, याची हमी नाही.

दिवाळीनंतर चेन्नम्मा एकदा आली होती, साकम्मा काठी घेऊन चालायला लागली हे सांगायला. आपला आवाज अजून आहे ना, असं तिनं विचारलं. नागवेणीनं तिला सगळा नियम समजावला. जोवर काम करतेय तोवर जागा आहे, काम थांबलं की बाहेर.

चेन्नम्मानं कमरेच्या पिशवीचा दोरा आवळला. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या लाइनीसारखंच की. काम सुटलं, खोली सोडा."

तिचं काम येत्या वैशाखात सुटणार आहे. साठी भरते. होन्नहळ्ळच्या त्या खोलीत ती लग्न होऊन आली, तिथंच तिची पोरं झाली, तिथंच नवरा गेला. मळ्याच्या नियमालाही वय तेवढं कळतं. नागवेणीनं विचारलं, मग जाणार कुठं? चेन्नम्मा म्हणाली, अजून ठरलं नाही.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना माया लावा, असं माझ्यासारख्या सगळ्याजणी शेवटी सांगतात. मला तुमची माया नको, ती खांब बांधायला जाते. टाकताना फक्त विचारा की हिच्या भरवशावर कोण चालतंय. संख्या नंतर मोजा.

वैशाखात चेन्नम्मा निघून जाईल. तिची खोली दुसऱ्या कुणा बाईला मिळेल. एका धुक्याच्या सकाळी त्या बाईच्या फोनवर मी चेन्नम्माच्या आवाजात ओरडेन, मागं फिरा गं, आणि ती जीव वाचवून मागं फिरेल. मग ती विचारेल, ही ओरडणारी कोण? तेव्हा तिला कुणीतरी नाव सांगा.